अंगणातल्या झुडपांची बाजू

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत चाळीसेक हात लांबीचा निरगुडीचा जुना पट्टा होता. तो कोणी लावला हे आता कोणालाच सांगता येत नाही. इमारती उभ्या राहण्यापूर्वी इथे शेते होती, तेव्हाच्या एखाद्या बांधावरचीच ती निरगुडी असावी. पावसाळ्यात तिला निळसर जांभळ्या तुऱ्यांचा बहर आला की सकाळी त्या भिंतीपाशी नुसते उभे राहिले तरी मधमाश्यांची गुणगुण ऐकू येई, आणि घरात कोणाचा गुडघा सुजला की शेकायला पाला तोडण्यासाठी लोक हक्काने तिथे जात. चार वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत परिसर सुशोभीकरणाचा ठराव आला, कंत्राटदाराचे दरपत्रक वाचून दाखवण्यात आले, आणि पुढच्या पंधरवड्यात एका दिवसात ती निरगुडी मुळासकट काढून तिच्या जागी सोनेरी पानांचा डुरांटा लावला गेला. सभेत कोणीही विरोध केला नाही. मीही केला नाही, कारण निरगुडीच्या बाजूने काय बोलायचे असते हे त्या वेळी मला सुचले नाही. त्या सभेत जे बोलायला हवे होते ते आज इथे मांडतो आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शहरातून आणि निमशहरी वस्त्यांतून निसर्गाचा जो थर सर्वांत आधी आणि सर्वांत गुपचूप नाहीसा झाला, तो झुडपांचा थर आहे. आणि सामान्य माणसाला स्वतःच्या जागेत, स्वतःच्या हाताने परत आणता येण्याजोगा थरही तोच आहे. मात्र त्यासाठी ती झुडपे त्याच भूमीतली, त्याच हवापाण्यात वाढलेली असायला हवीत, आणि ती लोकांना सहज मिळतील अशी व्यवस्था करणे ही केवळ हौशी बागप्रेमींची नव्हे, तर नगरपालिका, महापालिका आणि सरकारी रोपवाटिका यांचीही जबाबदारी मानली गेली पाहिजे.

निसर्गरक्षणाची आपली सगळी सार्वजनिक भाषा वृक्षाभोवती फिरते. वृक्षारोपण, वृक्षदिंडी, वृक्षगणना, वृक्षप्राधिकरण हे शब्द आपल्याला सवयीचे झाले आहेत. झुडुपारोपण असा शब्द कोणी उच्चारला तर तो कानाला विचित्र वाटेल. 2019 च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते आणि त्या काळात गावोगाव खड्डे खणले गेले, फोटो काढले गेले, आकडे कळवले गेले. परंतु त्या आकड्यांत धायटी किती, मुरुडशेंग किती, करवंद किती, हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. वास्तविक कोणत्याही जुन्या देवराईत पाऊल टाकले की लक्षात येते की उंच वृक्षांच्या छताखाली मध्यम उंचीची झाडे, त्यांच्या खाली माणसाच्या कमरेपासून डोक्यापर्यंत पोहोचणारी झुडपे, त्यांतून चढणाऱ्या वेली आणि सर्वांत खाली गवत व मऊ खोडाच्या लहान वनस्पती, अशी ती वनाची चढती रचना असते. या रचनेतला मधला थर काढून घेतला तर उरते ते मैदानात उभे केलेले खांब. शहरातल्या बहुतेक उद्यानांची अवस्था आज तशीच आहे: वर गुलमोहर आणि रेन ट्री, खाली कापलेले गवत, आणि मध्ये काही नाही.

घरच्या बागेच्या दृष्टीनेही हा थर महत्त्वाचा आहे. दहा फूट रुंद अंगणात वड लावता येत नाही. लावला तरी पंधरा वर्षांनी त्याची मुळे घराच्या पायात शिरली म्हणून तोच माणूस तो तोडण्याची परवानगी मागायला जातो. झुडपाचे तसे नाही. चार-सहा फुटांवर ते थांबते, छाटणी सोसते, दोन-तीन वर्षांत फुलते, आणि त्याच्यावर काय चालले आहे ते आपल्याला डोळ्यांच्या पातळीवर पाहता येते. गच्चीवरच्या मोठ्या कुंडीतही त्यातली कित्येक झुडपे समाधानाने राहतात.

आज या जागा कोणी व्यापल्या आहेत, ते पाहा. कोणत्याही सोसायटीच्या फाटकातून आत जा: डुरांटा, अॅकॅलिफा, क्रोटन, टेकोमा, अरेका पाम, बोगनवेल. डुरांटा, टेकोमा आणि बोगनवेल अमेरिका खंडातून आले, अरेका पाम मादागास्करहून, अॅकॅलिफा आणि क्रोटन प्रशांत महासागराकडच्या बेटांवरून. पुण्यापासून नागपूरपर्यंत आणि तिथून हैदराबादपर्यंत हीच सहा-सात नावे आलटूनपालटून दिसतात. रोपवाटिकावाला ती देताना आवर्जून सांगतो की याला कीड लागत नाही. हे वाक्य आपण गुण म्हणून ऐकतो, परंतु त्याचा खरा अर्थ असा की इथल्या बहुतेक किड्यांना ते पान खाता येत नाही, म्हणजे इथल्या जीवसृष्टीच्या लेखी ते झुडूप प्लास्टिकच्या झुडपाहून फारसे वेगळे नाही. शिवाय सोनेरी डुरांट्याच्या कुंपणाला दर महिन्याला कात्री लागते, त्यामुळे त्याला फूलही धरत नाही. पान फारसे कोणी खात नाही, फूल येत नाही, फळ लागत नाही. पाणी मात्र रोज लागते.

इथे एक छोटी गोष्ट जवळून दाखवावीशी वाटते. स्वयंपाकघराच्या खिडकीत कढीपत्त्याची कुंडी बहुतेकांच्या घरी असते. कढीपत्ता हे आपल्याच जंगलातले झाड, सह्याद्रीच्या रानात ते आपसूक उगवते. त्याच्या कोवळ्या पानावर एक दिवस पक्ष्याची शीट पडल्यासारखा काळपट, पांढरा डाग दिसतो. आपण तो पुसायला जातो, आणि तो डाग हलतो. ती कॉमन मॉरमॉन नावाच्या फुलपाखराची अळी असते. भक्ष्य म्हणून कोणाच्या नजरेत भरू नये यासाठी तिने लहानपणी शिटेचे रूप घेतलेले असते. चारदा कात टाकली की ती पानासारखी हिरवीगार होते, आणि तिला काडीने हलकेच डिवचले तर डोक्यामागून लालसर रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा हात झटकन मागे घेतला होता. दोनएक आठवडे ती मनसोक्त पाने खाते, फांदीला रेशमी धाग्याने स्वतःला बांधून कोष करते, आणि नंतर एका सकाळी खिडकीच्या गजावर ओल्या पंखांचे काळे फुलपाखरू पंख वाळवत बसलेले असते. एवढे सगळे नाट्य एका कुंडीत, आमटीच्या फोडणीसाठी ठेवलेल्या झाडावर घडते. शेजारच्या क्रोटनवर ते कधीही घडणार नाही, कारण त्या अळीला क्रोटनचे पान अन्न म्हणून ओळखूच येत नाही.

या विषयावरच्या चर्चेत हमखास एक मुद्दा निघतो, आणि तो प्रामाणिकपणे तपासायला हवा. लोक म्हणतात, घाणेरीच्या फुलांवर तर किती फुलपाखरे बसतात, टेकोमावर मधमाश्या येतात, मग परदेशी झुडपांनी बिघडले काय? त्यांचे निरीक्षण खरे आहे. मध पिण्याच्या बाबतीत फुलपाखरू फारसे चोखंदळ नसते. सोंड पोहोचेल अशा कोणत्याही फुलावर ते बसते. पण अंडी घालण्याच्या बाबतीत मादी कमालीची काटेकोर असते, पानावर पाय टेकवून, त्याची चव पायांनी पारखून, ठरावीक कुळातल्या ठरावीक वनस्पतीवरच ती अंडे ठेवते. सरबत कोणाच्याही मांडवात मिळते, बाळंतपण माहेरीच होते. बागेत नुसतीच मधाची फुले असतील तर तिथे पाहुणे येतील आणि जातील. त्यांची पुढची पिढी वाढायची असेल तर त्यांच्या अळ्यांना खाता येईल असा पाला तिथे हवा.

महाराष्ट्राने 2015 साली ब्लू मॉरमॉनला, म्हणजे आपल्या राणी पाकोळीला, राज्य फुलपाखराचा मान दिला. असे करणारे आपले राज्य देशात पहिले. काळ्या मखमलीवर निळ्या ठिपक्यांची ही मोठी पाकोळी कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या सुमारास हमखास दिसते. तिच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या वनस्पतींवर वाढतात, आणि रानात त्यांचे मुख्य अन्न असते माकडलिंबू. हे एक काटेरी, गडद हिरव्या पानांचे, सुबक बांध्याचे झुडूप आहे. त्याला पांढरी सुवासिक फुले येतात, लिंबासारखी गोल छोटी फळे लागतात, आणि कुंपणासाठी ते उत्तम आहे. राज्याने फुलपाखराला मान दिला, त्याची चित्रे भिंतींवर रंगवली, परंतु ज्या झुडपावर ते जन्मते त्याचे रोप मागितले तर बहुतेक रोपवाटिकांत मान हलवली जाते. मानाची ही पाकोळी आणि तिच्या बाळांचे अन्न यांच्यातली ही फारकत मला अस्वस्थ करते.

पक्ष्यांचेही तसेच आहे. चिमणी दाणे टिपते, शिंजीर मध पितो, बुलबुल फळे खातो, हे सगळे खरे असले तरी पिल्लांच्या पहिल्या दिवसांत हे बहुतेक पक्षी त्यांना किडे आणि अळ्याच भरवतात. ज्या बागेतल्या पानांना एकही भोक पडत नाही, त्या बागेत पिल्ले कशावर वाढवायची? चिमण्या कमी झाल्याची हळहळ आपण दरवर्षी व्यक्त करतो, लाकडी घरटी वाटतो. पण त्या घरट्यापासून चिमणीच्या उडीच्या अंतरावर अळ्यांनी भरलेले एखादे झुडूप आहे का, हे पाहत नाही. दाट, काटेरी झुडपात मांजराला आणि कावळ्याला सहज शिरता येत नाही म्हणून बुलबुल करवंदाच्या जाळीत निर्धास्त घरटे करतो. छाटून भिंतीसारख्या सपाट केलेल्या कुंपणात त्याला तशी जागा मिळत नाही.

आता या झुडपांविषयी थोडे, कारण ज्यांच्याबद्दल वाद घालायचा त्यांची ओळख तरी असायला हवी. धायटी मला या सर्वांत प्रिय आहे. हिवाळा सरता सरता, डोंगर पिवळा पडत चाललेला असताना, तिच्या लांब वाकलेल्या फांद्यांवर पानांच्या बगलेत शेंदरी-तांबड्या, नळीसारख्या फुलांचे घोस लागतात, आणि ती सारी फांदी विस्तवासारखी दिसू लागते. शिंजीर उलटे लटकून त्यांत चोच घालतात. आयुर्वेदात आसवे आणि अरिष्टे आंबवण्यासाठी हीच फुले वापरतात; काढ्याच्या बाटलीवरच्या यादीत जिला धातकी म्हटलेले असते ती हीच. खडकाळ, उतारावरची, पाणी न धरणारी जमीन तिला मानवते, म्हणजे ज्या कोपऱ्यात दुसरे काही जगत नाही तिथे ती लावावी. उन्हाळ्यात तिची पाने विरळ होतात, तेवढे आपण सोसले पाहिजे.

मुरुडशेंगेचे फूल तर ताजे असते तेव्हा विटकरी लाल, आणि शिळे झाले की करडे निळसर. एकाच फांदीवर दोन्ही रंग शेजारी शेजारी दिसतात. पुढे त्याला दोरीसारखी पिळलेली शेंग धरते. बाळगुटीच्या डब्यात सहाणेवर उगाळायला ठेवलेली ती पिळदार शेंग अनेक घरांत आहे, पण तिचे झाड कसे असते हे विचारले तर त्याच घरात उत्तर मिळत नाही. अडुळसा सर्वांना नावाने ठाऊक आहे, तोही खोकल्यामुळे. त्याच्या पांढऱ्या, जबडा उघडल्यासारख्या फुलांच्या ओठावर जांभळ्या रेघा असतात आणि थंडीत त्यांवर मोठे काळे भुंगे येतात, हे पाहण्यासाठी मात्र तो अंगणातच असावा लागतो. जनावरे त्याला तोंड लावत नाहीत, पावसाळ्यात हातभर फांदी खोचली तरी रुजते, आणि कुंपण म्हणून तो शंभर वर्षे कामाचा ठरला आहे. डुरांट्यापेक्षा तो कोणत्या बाबतीत कमी आहे, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

कोकणातल्या आणि मावळातल्या वाचकांना भारंगी सांगायला नको. पहिल्या पावसात तिची कोवळी पाने, श्रावण-भाद्रपदात तिची निळसर फुले, दोन्हींची भाजी होते, थोडी कडसर, आणि ज्याला ती कडू चव लागली तो वर्षभर तिची वाट पाहतो. पांढऱ्या कुड्याची फुले आणि शेंगाही अशाच ताटात येतात. वाघाटीचे फळ आषाढी एकादशीचा उपास सोडताना द्वादशीच्या जेवणात हवेच असा अनेक घरांत नेम आहे, आणि त्या दोन दिवसांत बाजारात त्याचा भाव चढतो. हीच वाघाटी कुंपणावर चढवली तर घरच्या नेमाला घरचे फळ मिळते आणि तिच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्याही वाढतात. अलीकडे ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सव भरतात आणि तिथे शहरी माणसांची झुंबड उडते. भाजी चाखण्यापलीकडे जाऊन तिचे झुडूप घरी लावण्याची पायरी आपण का गाठत नाही? रानातून खुडून आणलेल्या भाजीवर शहराची हौस भागवली, तर रानावरचा ताण वाढतच जाणार.

एक अनुभव इथे सांगितला पाहिजे. भूतकेस हे सह्याद्रीतले एक देखणे झुडूप आहे: नारिंगी रंगाची चिमुकली चांदणीसारखी फुले, आणि त्या गुच्छात एखाद्या फुलाचे एकच निदल, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारे दल, मोठे होऊन पांढऱ्या पानासारखे पसरलेले, जणू दुरून येणाऱ्या किड्यासाठी लावलेली पताका. ते मला हवे होते. एका मोठ्या रोपवाटिकेत मी मुसांडा, म्हणजे हा भूतकेसच, मागितला, देशीच ना असे दोनदा विचारले, आणि हो म्हणून मला जे रोप देण्यात आले त्याला दुसऱ्या वर्षी गुलाबी रंगाचे भरगच्च झुंबर लागले. ती फिलिपिन्समध्ये निपजलेल्या शोभेच्या जातींपैकी एक होती. तिची सगळीच निदले मोठी झालेली असतात, खरे फूल त्या झालरीत हरवून जाते, आणि बी सहसा धरतच नाही. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून तिचे कौतुक करत. फुलपाखरे मात्र वरून उडून जात. रोपवाटिकावाल्याने मला मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही, त्यालाच दोन्हींतला फरक ठाऊक नव्हता. पण विकल्या जाणाऱ्या रोपावर त्याचे मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि मूळ ठिकाण लिहिलेले असावे एवढा साधा नियम असता, तर माझी दोन वर्षे आणि त्या जागेवरची दोन वर्षे वाचली असती.

देशी हा शब्दही सावधपणे वापरायला हवा, कारण देश मोठा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात सुमारे सातशे, आणि सोलापूर-नगरच्या बऱ्याच भागांत त्याहूनही कमी. महाबळेश्वर-माथेरानची अंजनी, जिच्या फांद्यांना उन्हाळ्यात निळ्या-जांभळ्या फुलांचे लखलखीत झुबके चिकटलेले असतात, ती सोलापूरच्या अंगणात लावली तर आपण तिला परदेशीच वागवले असे होईल. तिथे तरवड लावावी. माळरानावर, मुरमाड रस्त्याकडेला, एक थेंब पाणी न घालता वर्षाचा मोठा भाग सोनपिवळ्या फुलांनी डवरणारी, जनावरांनी टाळलेली ही झुडपे आपण काट्याकुट्यांत जमा केली आहेत. याच तरवडीला तेलंगणात तंगेडू म्हणतात. तिथे ती राज्यपुष्प आहे, आणि बतुकम्माच्या सणात बायका तिच्या फुलांचे थर रचून देवी सजवतात. सीमेच्या अलीकडे मात्र रस्ता रुंद करताना तीच झुडपे जेसीबीखाली जातात आणि दुभाजकावर टँकरने पाणी घालून बोगनवेल जगवली जाते. तात्पर्य, आपल्या गावाजवळच्या टेकडीवर, ओढ्याकाठी, जुन्या बांधांवर काय आपोआप उगवते, ते आधी जाऊन पाहावे आणि मग घरी काय लावायचे ते ठरवावे.

या भूमिकेवर स्वदेशीच्या नावाखालचा संकुचितपणा असा आक्षेप घेतला जातो. वनस्पतींना कसले पारपत्र, असे विचारले जाते, आणि दाखला दिला जातो तो मिरचीचा, बटाट्याचा, टोमॅटोचा, दसऱ्याच्या झेंडूचा. हे सगळे अमेरिका खंडातून आले हे खरेच आहे, आणि झेंडूशिवायचा दसरा मलाही नको आहे. कोणाच्या अंगणातली जास्वंद उपटावी, आजीने लावलेला चाफा तोडावा, असे मी मुळीच म्हणत नाही. माणसाने जगभरातून झाडे आणली, ती आपलीशी केली, यात गैर काही नाही. माझा मुद्दा वनस्पतीच्या जन्मभूमीच्या अभिमानाचा नाही, तिच्याभोवतीच्या नात्यांचा आहे. एखादे झुडूप एखाद्या भूभागात लाखो वर्षे राहते तेव्हा ते पान पचवायला शिकलेली अळी, ते फूल उघडायला शिकलेली माशी, ते बी वाहून नेणारा पक्षी आणि मुळांशी सहवास करणारी बुरशी असा त्याचा गोतावळा तयार होतो. तो गोतावळा जहाजातून आणता येत नाही. बागेचा थोडा भाग आवडीला, थोडा देवपूजेला आणि थोडा या गोतावळ्याला, एवढीच माझी मागणी आहे. आज तिसऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही.

आणि बागेत लावलेले परदेशी झुडूप बागेतच राहते, ही समजूतही धोक्याची आहे. घाणेरी, जिला कोणी टणटणीही म्हणतात, तिला 19 व्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आणले गेले. रंगीबेरंगी फुले, कीड लागत नाही, जनावर खात नाही, पाणी लागत नाही: तेव्हाही तिची हीच वाखाणणी झाली असणार. पक्ष्यांनी तिची काळी फळे खाल्ली, बिया देशभर नेल्या, आणि आज आपल्या अभयारण्यांत मैलोन्मैल तिचे रान माजले आहे, ज्यात चारा उगवत नाही आणि जे खाऊन गुरांना विषबाधा होते. ते काढण्यासाठी वनखात्यांना सतत मेहनत आणि पैसा ओतावा लागतो. अगदी अलीकडचे उदाहरण कोनोकार्पसचे आहे. झटपट हिरवी भिंत मिळते म्हणून शहरोशहरी त्याची लागवड झाली, आणि 2023 साली गुजरात सरकारला त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली. पुण्याच्या टेकड्यांवर लवकर हिरवळ दिसावी म्हणून लावलेल्या गिरिपुष्पाने, म्हणजे उंदीरमारीने, मूळच्या खुरट्या काटेरी झुडपांची आणि गवताची जागा कशी घेतली, हे तिथे रोज फिरायला जाणाऱ्या कोणालाही दिसते. टेकडी उघडी-बोडकी होती म्हणून झाडे लावली असे सांगितले जाते. पण ती बोडकी नव्हती, तिथे झुडपांचे माळरान होते, आणि आपल्याला ते दिसत नव्हते.

साप येतील, ही भीती सभेत हमखास बोलून दाखवली जाते. साप उंदरांच्या मागे येतो आणि उंदीर उघड्यावर टाकलेल्या अन्नाच्या मागे. कचऱ्याची जागा स्वच्छ ठेवली, झुडपांचा तळ वीतभर मोकळा राखला, तर हा प्रश्न बराचसा मिटतो. रानटी दिसते, या आक्षेपाला मात्र मी थोडा मान देतो. धायटी मोकळी सोडली तर ती पसरते, निरगुडी अस्ताव्यस्त होते. बहर ओसरल्यावर वर्षातून एकदा छाटणी केली तर दोन्ही आटोपशीर राहतात. दर महिन्याची कात्री त्यांना लागत नाही. सौंदर्याची नजर ही बरीचशी सवयीची बाब असते, आणि गेली काही दशके आपल्या नजरेला हॉटेलच्या दारातल्या कुंड्यांची सवय लावण्यात आली आहे.

यातून भाषेचेही नुकसान होते, हे मला विशेष जाणवते. गणपतीच्या 21 पत्रींत माका, आघाडा, डोरली, रुई, शमी, बोर अशी कितीतरी साधी रानातली नावे आहेत. ज्याने कोणी हा विधी घालून दिला, त्याने वर्षातून एकदा तरी घरातल्या माणसाने बाहेर जाऊन ही झाडे ओळखावीत अशी सोयच करून ठेवली होती. आज पत्रीची जुडी बाजारात मिळते, तीत ओळखीची पाने चार-पाच असतात आणि बाकी जो सापडला तो पाला. आणि पूजा सांगताना बृहतीपत्रं, म्हणजे डोरलीचे पान, समर्पयामि म्हटले की आपण हाताला येईल ते पान वाहतो. पान हातात नाही, म्हणून नावही काही वर्षांनी तोंडात राहणार नाही. मुलांना डोरली शब्द शिकवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अंगणात डोरली असणे.

राहिला प्रश्न रोपांचा, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. कळकळीने सांगतो, टेकडीवरून झुडूप उपटून आणू नये. मोठी मुळे तुटतात, दहातले आठ घरी येऊन मरतात, आणि जी टेकडी आधीच लुटली गेली आहे ती आणखी उघडी पडते. कारवीसारखे झुडूप, जे सात वर्षांनी एकदाच एकत्र फुलून मरते, ते तर डोंगरउतारावरच शोभते आणि तिथेच जाऊन पाहावे. बी किंवा फांदी एवढेच आणावे, तेही थोडे, आणि जिथे बी वेचायलाही मनाई आहे अशा राखीव क्षेत्रातून तेही नाही. निरगुडी आणि अडुळसा फांदीवर येतात. कढीपत्त्याचे आणि करवंदाचे बी ताजे असतानाच पेरावे लागते, सुकवून ठेवले तर ते उगवत नाही. तरवडीचे बी कठीण कवचाचे असते. ते गरम पाण्यात रात्रभर भिजवून, पहिल्या पावसाआधी थेट जागेवरच पेरावे, कारण तिचे सोटमूळ हलवलेले तिला खपत नाही. धायटीचे बी धुळीसारखे बारीक असते, ते मातीवर नुसते भुरभुरावे, वर माती ओढू नये आणि पाणी झारीने नव्हे तर फवाऱ्याने द्यावे. हे काही फार गुह्य ज्ञान नाही. ते ज्यांच्याकडे आहे ती माणसे, आदिवासी पाड्यांतल्या बाया, जुने माळी, वैदू, अजून आपल्यात आहेत, आणि बचतगटांच्या रोपवाटिकांतून हे काम त्यांना हक्काचे उत्पन्न देऊ शकते.

म्हणून महापालिकांच्या उद्यान विभागांकडे आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांकडे माझी मागणी अगदी ठोस आहे. आपापल्या तालुक्यातल्या किमान दहा-पंधरा स्थानिक झुडपांची रोपे दर पावसाळ्यात नागरिकांना माफक दरात मिळावीत. रस्तादुभाजक, उद्याने आणि शाळांची कुंपणे यांच्या निविदांत झुडपांची जात नावानिशी लिहिलेली असावी. नुसते शोभिवंत झुडूप असे लिहिले की कंत्राटदार सर्वांत स्वस्त डुरांटा आणणार, त्यात त्याचा दोष नाही. लागवडीच्या आकडेवारीत झुडपांचा रकाना वेगळा असावा. आणि गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये, जिथे रंगाच्या छटेवर तासभर चर्चा होते, तिथे कुंपणाला काय लावायचे यावर पंधरा मिनिटे तरी बोलणे व्हावे.

गेल्या सभेत मी ते बोललो. डुरांटा काढायचा ठराव मंजूर झाला नाही, पण गेल्या दोन उन्हाळ्यांत त्यातला जो भाग वाळून गेला होता, तिथे अडुळसा आणि निरगुडी लावायला मान्यता मिळाली. मध्ये मध्ये चार ठिकाणी धायटी असावी असे मी सुचवले, तेव्हा एका वयस्कर बाईंनी आमच्या गावाकडे उतारावर हीच असायची, असे म्हणून पाठिंबा दिला. दुसऱ्या दिवशी मी आमच्या जवळच्या छोट्या रोपवाटिकेत गेलो. धायटी आहे का, असे विचारल्यावर तिथल्या माळीदादांनी नकार दिला. वीस वर्षांत कोणी मागितलीच नाही, मग कशाला ठेवायची, असे ते म्हणाले. मागितली तर कराल का, असे मी विचारले. त्यांनी खिशातून वही काढली, धायटी 20 असे लिहून घेतले, त्याखाली माकडलिंबू 6 असे लिहिले, आणि बी फेब्रुवारी-मार्चनंतरच मिळेल, तेव्हा पुढच्या जूनमध्ये या, म्हणून सांगितले.